कर्करोगाची भीती, कोयत्याची उचल आणि पिशवीचे ऑपरेशन

धाराशिव जिल्हा, त्याच्या उस्मानाबाद या जुन्या नावाने, जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांना ठाऊक आहे. १९९९ मध्ये इथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे त्यात दिसले होते. पुढे दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची गर्भाशये तरुण वयातच काढली जात असल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. या बायका ऑपरेशनला का तयार झाल्या, याची जी कारणे पुढे आली त्यांत एक वारंवार होते: पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल.

पहिल्या विषयाची चर्चा वैद्यकीय नियतकालिकांत होते, दुसऱ्याची कामगार आणि स्त्री चळवळीत. दोन्ही क्वचितच एकत्र वाचले जातात. इथे ते मुद्दाम शेजारी ठेवले आहेत, कारण दोन्ही कहाण्या बालाघाटाच्या एकाच कोरडवाहू पट्ट्यातील आहेत आणि दोन्हींमध्ये प्रश्न तोच आहे: गरीब बाईच्या शरीराबद्दलचा निर्णय कोण, कशाच्या आधारे आणि तिला काय सांगून घेतो?

विचाराची पार्श्वभूमी

या प्रश्नाला ‘प्रजनन न्याय’ असे नाव देणाऱ्या होत्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया. जून १९९४ मध्ये शिकागोत बारा कृष्णवर्णीय कार्यकर्त्या जमल्या. अमेरिकेतील मुख्य स्त्री चळवळ तेव्हा गर्भपाताच्या कायदेशीर हक्काभोवती फिरत होती. या बारा जणींचे म्हणणे होते की आमच्या समाजातील बाईला तेवढ्याने पुरत नाही. मूल नको असेल तर ते न होऊ देण्याचा हक्क हवा, हवे असेल तर होऊ देण्याचा हवा, आणि झालेले मूल सुरक्षित परिस्थितीत वाढवता आले पाहिजे. १९९७ मध्ये ‘सिस्टरसाँग’ ही संघटना उभी राहिली आणि लॉरेटा रॉस यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा विचार पुढे नेला.

या मांडणीमागे मोठा इतिहास होता. १८४०च्या दशकात अलाबामात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने अनार्का, ल्युसी आणि बेट्सी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या आणि आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा तो जनक ठरला. १९६१ मध्ये मिसिसिपीतील फॅनी लू हेमर ही कापूस वेचणारी शेतमजूर बाई गाठ काढायला दवाखान्यात गेली, आणि तिला न विचारता तिचे गर्भाशयच काढून टाकले गेले. १९७३ मध्ये माँटगोमेरीत रेल्फ कुटुंबातील १४ आणि १२ वर्षांच्या दोन बहिणींची नसबंदी झाली. आईला वाचता येत नव्हते, तिने कागदावर फुली मारली होती. हेमर यांची हकिगत मराठवाड्यातल्या वाचकाला परकी वाटणार नाही. शेत कापसाचे असो की उसाचे, मजूर बाई आजाराची तक्रार घेऊन जाते आणि अवयव गमावून परत येते.

महाराष्ट्राचा स्वतःचा वारसाही छोटा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा मूल जन्माला घालू पाहणाऱ्या विधवेच्या सुरक्षिततेची जबाबदारी समाजावर टाकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. दुसरी बाजूही इथलीच आहे. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये मंजूर करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते लागू झाले नाही, पण धाराशिवला लागून असलेल्या बार्शीत त्याच वर्षी माणसे उचलून नसबंदी केल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. आणि शिकागोची बैठक झाली त्याच १९९४ साली, फेब्रुवारीत, शिरूरच्या सरकारी संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पाळीची ‘अडचण’ नको म्हणून पुण्यात काढली गेली. त्याविरुद्ध पुण्यातील स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. गर्भाशय काढणे हा महाराष्ट्रात हक्काचा प्रश्न म्हणून चर्चेत आला तो तिथून.

जिल्हा आणि फड

धाराशिवचे आठ तालुके दोन तोंडांचे आहेत. भूम, परंडा, वाशी, कळंब हा भाग बीड आणि अहिल्यानगरच्या जामखेडला लागून आहे. इथली अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्याच वेळी तेरणा आणि मांजरा खोऱ्यात ऊस आहे, ढोकी आणि रांजणीसारख्या ठिकाणी कारखाने आहेत, म्हणजे हा जिल्हा मजूर पाठवतो तसाच मजूर आणतोही. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील मागे पडलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची जी यादी केली, तीत महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीमबरोबर उस्मानाबाद होता.

ऊसतोडीची रचना समजल्याशिवाय पिशवीच्या ऑपरेशनचा प्रश्न समजत नाही. मजूर इथे एकेकटा मोजला जात नाही, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती फिटेपर्यंत काम करायचे, न फिटल्यास बाकी पुढच्या वर्षावर. खाडा झाला तर दंड. मजुरी टनावर असते. जानेवारी २०२४ मधल्या तडजोडीत ती ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाली, पण ती कोयत्याची, म्हणजे दोघांची. बाईच्या हाती स्वतंत्र पैसा येत नाही, कुठल्याच हजेरीपटावर तिचे नाव नसते. पहाटे फडात जायचे, ऊस साळायचा, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या, रात्री कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, परतून स्वयंपाक करायचा. कोपीला पाणी नाही, संडास नाही, पाळीचे कापड धुवायला आडोसा नाही. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट आणि कंबर दुखणे, जास्त रक्तस्राव या तक्रारी सहा महिने अंगावर काढल्या जातात. दवाखाना म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड.

या तक्रारी ऊसतोडीपुरत्याच नाहीत. राणी आणि अभय बंग यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या गडचिरोलीच्या अभ्यासात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. ग्रामीण बाईचा हा आजार तेव्हापासून जाहीर आहे.

आकडे काय सांगतात

जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या काळात बीडमध्ये झालेल्या सर्वेक्षणात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण २.६ टक्के होते, देशात ३.२ टक्के.

ही तुलना करताना सावध राहायला हवे. ४,६०५ हा आकडा साऱ्या जिल्ह्याचा आहे, केवळ ऊसतोड बायकांचा नाही. १७ टक्के आणि २.६ टक्के यांतले वयोगट सारखे नाहीत, त्यामुळे भागाकार करून ‘इतके पट’ असे छापणे योग्य नाही. तरीही फरक इतका मोठा आहे की तो वयाने पुसला जाईल असे म्हणता येत नाही. चौथ्या फेरीनुसार देशभरातच शस्त्रक्रियेचे मध्यक वय ३४ आहे आणि दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या आहेत. आंध्र प्रदेशात तर हे प्रमाण ९ टक्क्यांजवळ आहे, आणि तिथे ऊसतोडीचे मुकादम नाहीत. जो कोणी हा प्रश्न फक्त उसाचा मानतो, त्याला या आकड्याला उत्तर द्यावे लागते.

धाराशिवबद्दल मात्र बहुतेक लिखाण गप्प आहे. बातम्या, समित्या, न्यायालयीन अर्ज यांत जिल्हा म्हणून बीड येतो. वाशी किंवा भूमच्या बाईचा फड, मुकादम आणि दवाखाना बीडच्या बाईसारखाच असतो, पण तिची मोजणी बीडच्या सर्वेक्षणात होत नाही.

चार मते

पहिले मत कामगार आणि स्त्री संघटनांचे. बीडमध्ये मनीषा तोकले यांनी ऊसतोड स्त्रियांची संघटना बांधताना हा प्रश्न लावून धरला, आणि महिला किसान अधिकार मंचाने आठ जिल्ह्यांतील १,०४२ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांच्या मते मूळ कारण मजुरीच्या रचनेत आहे. पाळीचे चार दिवस आणि बाळंतपण यांना जागा नसलेले काम बाईला पाळीच थांबवायला भाग पाडते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०२४ मध्ये ही साखळी महाराष्ट्राच्या फडापासून कोकाकोला आणि पेप्सिकोपर्यंत नेऊन दाखवली. मुकादम थेट ऑपरेशन करायला सांगतात का, यावर जबान्या एकसारख्या नाहीत. संघटनांचे उत्तर असे की सांगायची गरजच पडत नाही, दंड पुरेसा आहे.

दुसरे मत वैद्यकीय नफेखोरीवर बोट ठेवते. तपासणी न करता, सोनोग्राफीतील किरकोळ सूज दाखवून ‘कॅन्सर होईल’ असे सांगायचे आणि हजारो रुपयांचे ऑपरेशन करायचे. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिथे सरकारी विम्याचा पैसा आमिष ठरल्याचा आरोप होता. मराठवाड्यात चित्र वेगळे आहे: इथे पैसा बहुतेक वेळा उचलीतून किंवा सावकाराकडून येतो, म्हणजे ऑपरेशनचे कर्ज फेडायला बाई पुन्हा फडात जाते. डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. त्यांच्या म्हणण्यानुसार बायका उशिरा येतात, पुन्हा पुन्हा येणे त्यांना परवडत नाही, औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स फडात पाळला जात नाही, आणि अनेकजणी स्वतःच ‘काढून टाका’ म्हणतात. सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ नसेल तर दुसरा पर्याय कुणी दिला, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. काही दवाखान्यांच्या वागण्यावरून साऱ्या ग्रामीण डॉक्टरांना आरोपी करणे त्यांना अन्यायाचे वाटते.

तिसरे मत संशोधकांचे. गुजरातेत असंघटित कामगार स्त्रियांमध्ये झालेल्या अभ्यासांत दिसले की अनेक बायका हा निर्णय विचारपूर्वक घेतात. मुले झाली, नसबंदी झाली, आता रक्तस्राव आणि दुखणे का सोसायचे? त्यांना केवळ फसवलेल्या म्हणणे म्हणजे त्यांची बुद्धी नाकारणे. या मताचा मला आदर वाटतो, पण त्यात एक उणीव आहे. शस्त्रक्रियेनंतर काय होते, हे सांगितल्यावरही बाईने तेच निवडले असते का? बीजांडकोशही काढले तर पस्तिशीत रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोश ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. ज्या शरीराने मोळी वाहायची, त्याच्यासाठी ही माहिती निर्णायक आहे, आणि तीच बहुधा दिली जात नाही.

चौथे मत जातीचे परिमाण पुढे आणते. ऊसतोडीतील बहुसंख्य बायका दलित, वंजारी, बंजारा, पारधी आणि इतर भटक्या समाजांतील आहेत. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या भूमिकेची सैद्धांतिक मांडणी केली, आणि शिकागोच्या विचाराशी तिचे नाते सरळ आहे: बाई म्हणून सोसलेले आणि जात म्हणून सोसलेले वेगळे काढता येत नाही. सरकारी सर्वेक्षणे मात्र जातीनिहाय आकडे क्वचितच मांडतात, त्यामुळे हे मत अनुभवावर भक्कम आणि आकड्यांवर अपुरे राहते.

उस्मानाबादची चाचणी

या साऱ्या वादात कर्करोगाची भीती मध्यभागी असताना, त्या भीतीचे शास्त्रीय उत्तर याच जिल्ह्यात शोधले गेले होते, हे फारसे कुणी सांगत नाही. बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिच्यात परंडा आणि भूमची गावे होती. पुढे बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या निधीतून जिल्ह्यातील ५२ गावसमूह चार गटांत वाटले. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची तपासणी झाली नाही. आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने एचपीव्ही गटात ३४ आणि चौथ्या गटात ६४ स्त्रिया मरण पावल्या. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत ठोस घट दिसली नाही.

चौथ्या गटावरून मोठा वाद झाला. एरिक सुबा आणि इतर टीकाकारांनी उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतील अशा तीन चाचण्यांत तपासणीविना ठेवलेल्या सुमारे १,३८,६०० स्त्रियांपैकी २५४ जणींचा मृत्यू झाल्याचे मांडले. तपासणीने जीव वाचतो हे श्रीमंत देशांत आधीच माहीत असताना गरीब स्त्रियांना तुलनेसाठी तसेच ठेवणे अनैतिक होते, असा त्यांचा दावा होता. तक्रार अमेरिकेच्या संशोधन-सुरक्षा कार्यालयापर्यंत गेली आणि ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये २०१४च्या सुमारास दोन्ही बाजूंनी सविस्तर लिहिले गेले. संशोधकांचे उत्तर असे होते: भारतात तेव्हा कुठलाच तपासणी कार्यक्रम नव्हता, चौथ्या गटाला मिळाले ते देशातील इतर सर्व बायकांना मिळत होते, आणि स्थानिक पुरावा नसता तर सरकारने कधीच पाऊल उचलले नसते. श्रीमंत देशांतला पॅप कार्यक्रम इथे चालेल हे गृहीत धरता आले नसते, आणि निकालाने तेच दाखवले.

अमेरिकेतील वाचकाला इथे टस्कीगीची आठवण होते. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे तिथे कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचाराविना केवळ पाहिला गेला. दोन्ही गोष्टी एका पारड्यात ठेवणे बरोबर नाही: टस्कीगीत असलेला उपचार लपवला गेला, उस्मानाबादेत आजार आढळलेल्यांवर उपचार झाले. जवळचे नाते दुसरे आहे. १९५१ मध्ये बाल्टिमोरला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या पेशींत पुढे एचपीव्ही-१८ हा विषाणू सापडला. या रोगाचे विज्ञान ज्या स्त्रियांमुळे उभे राहिले, त्यांना त्याचा लाभ शेवटी मिळाला किंवा मिळालाच नाही.

माझ्या मते उस्मानाबाद चाचणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप निकालानंतरच्या काळाबद्दलचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीची पहिली पसंती म्हणून शिफारस केली. भारताच्या २०१६च्या तपासणी कार्यक्रमाने मात्र खर्च आणि सोय पाहून व्हिनेगरची पद्धत स्वीकारली, आणि तीही पोचली नाही: राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी कधी तपासणी केल्याचे सांगितले. ज्या बाईची तपासणी झाली असती तिला ‘तुला कॅन्सर नाही’ असे कागदावर दाखवता आले असते. तो कागद नसल्यामुळे डॉक्टरच्या तोंडचा ‘कॅन्सर’ हा शब्द पुरेसा ठरतो.

आतापर्यंतचे उपाय

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांत गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम आला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. चाळिशीच्या आतील शस्त्रक्रियांवर जिल्हा समित्यांनी लक्ष ठेवायचे आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये ऊसतोड मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळप झालेल्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्याकडून घेण्याचे ठरले, तेवढेच राज्याने घालायचे. मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृहेही मंजूर झाली.

सरकारी समित्यांपलीकडे स्थानिक अनुभवही आहे. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर आणि दलित बायकांना आरोग्यसेविका केले. तुळजापूर तालुक्यातील अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ घडवल्या. १९९३च्या भूकंपानंतर सास्तूरला रुग्णालय उभे राहिले आणि उमरगा-लोहारा भागात बायकांचे गट बांधले गेले. अंगावरून जाण्याची तक्रार गावातल्याच बाईजवळ बोलता येते, हे या कामांनी दाखवून दिले. ऊसतोडीला गेलेल्या बाईजवळ मात्र सहा महिने अशी कुणीच नसते.

काय अनिर्णित आहे

परवानगीच्या नियमाने शस्त्रक्रिया कमी झाल्या की त्या शेजारच्या जिल्ह्यात गेल्या, हे एकट्या बीडच्या नोंदींवरून ठरत नाही. त्यासाठी बार्शी, सोलापूर, लातूर आणि धाराशिव एकत्र पाहावे लागेल. खरोखर गरज असलेल्या बाईला परवानगीच्या फेऱ्या जाचक होतात का, हेही पाहावे लागेल. कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचा, मुकादम म्हणतो मी फक्त मध्यस्थ. मालक कोण हे ठरल्याशिवाय प्रसूतीचा लाभ, पगारी सुटी, कोपीवरचे पाणी यांची जबाबदारी कुणाच्याच नावावर लागत नाही. कोयत्याऐवजी बाईची स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र मजुरी ही मागणी संघटना करतात, कारखाने ती अव्यवहार्य ठरवतात. ऊसतोडणी यंत्रे वाढली तर हे कामच जाईल, मग उचलीशिवाय ही कुटुंबे कशी जगतील, याचे उत्तर कुठल्याच बाजूकडे नाही.

एचपीव्ही चाचणीचा प्रश्न त्या मानाने छोटा आणि सुटण्याजोगा वाटतो. नमुना बाईला स्वतःला घेता येतो, फडावर निघण्याआधीच्या आरोग्य तपासणीत तो घेणे शक्य आहे. पण उस्मानाबादच्या चाचणीत मृत्यू घटले ते नुसत्या चाचणीने नव्हे, तपासणीत दोष आढळलेल्या बाईला शोधून तिच्यावर उपचार केल्यामुळे. आज भूमला दिवाळीआधी नमुना घेतला, तर निकाल येईपर्यंत ती कोल्हापूर किंवा बेळगावच्या फडात असेल. तिला बोलावणारा आरोग्य कर्मचारी कुठल्या जिल्ह्याचा असावा, उपचाराचा दिवस खाडा धरायचा नाही हे मुकादमाला कुणी सांगायचे आणि त्या दिवसाची मजुरी कुणी द्यायची, हे अजून कुठल्याही आदेशात लिहिलेले नाही.